थोरलीच्या पोटातली घंटा

“आजी, शेवटी ती म्हैस मरते ना, तेवढं बदलावं लागेल,” असं फोनमधली पोरगी म्हणाली, तेव्हा तानाबाईंच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात बंबात सारायची करवंटी. करवंटी हातातच राहिली. पोरगी गोड बोलायची. स्नेहल तिचं नाव. पुण्याला लहान मुलांची पुस्तकं काढतात तिथं कामाला होती आणि गेल्या महिन्यात तिनं तीनदा फोन करून ‘आजी, तुमची भाषा म्हणजे दुधावरची साय’ असं सांगितलं होतं. सगळा जन्म म्हशीत काढलेल्या बाईला सायीचं कौतुक ते काय, पण तानाबाईंनी तिन्ही वेळा ते ऐकून घेतलं होतं, ऐकायला बरं वाटत होतं म्हणून. आज साय बाजूला झाली. “कसं आहे आजी, थोरली तळ्यात बुडते आणि काठावर सगळी रेडकं फेर धरून नाचतात. आमच्या मॅडम म्हणाल्या, लहान मुलांना सूड नको. थोरलीला पश्चात्ताप होऊ दे. ती माफी मागेल, बिट्टी तिला माफ करेल, घंटा पोटातून बाहेर येईल. एवढं झालं की सोमवारी पुस्तक छपाईला. संध्याकाळपर्यंत सांगाल?” “आनी न्हाई बदललं तर?” पोरगी हळूच म्हणाली, “मग अवघड आहे हो, आजी.”

फोन ठेवला तरी तानाबाई घरामागच्या परड्यातल्या त्या तांब्याच्या बंबासमोर तशाच उकिडव्या बसून राहिल्या. न्हाणीघराच्या भिंतीला गिझर लटकत होता, पांढराशुभ्र. सगळं घर त्याच पाण्यानं अंघोळ करायचं, फक्त आक्का सोडून. ‘करंटाचं पाणी अंगाला चावतंय’ असं आक्कांचं म्हणणं, म्हणून एकट्या आक्कांच्या पाण्यासाठी रोज सकाळी हा बंब पेटायचा, आणि तो तानाबाईच पेटवायच्या. सुनेला, संयोगिताला, त्यांनी कधी हात लावू दिला नाही. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, जावेची अशी सेवा आता कुठं बघायला मिळते. तानाबाई काही बोलायच्या नाहीत. जाळ नीट लागला का बघायच्या. आत वाकून बघितलं की तोंडाला झळ लागायची आणि त्या झळेत चौपन्न वर्षं जराही जुनी व्हायची नाहीत. माफ करेल. पोरीनं किती सहज म्हटलं, चहात साखर घाला म्हणावं तसं. जाळाला काय ठावं, त्याला कागदही सारखा आणि करवंटीही सारखी.

आणि हे पुस्तक काही आकाशातनं पडलं नव्हतं. चौथी पास बाई. नवरा, हंबीरराव, गेल्यावर, म्हशींचा कारभार थोरला लेक पृथ्वीराज बघायला लागल्यावर, भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना संपला की त्याची पाठकोरी बाजू त्या हळूच घडी करून ठेवायच्या, आणि दुपारी घर कलंडलं की पाट मांडीवर घेऊन तिच्यावर गोष्ट लिहायच्या. म्हशींच्या, रेडकांच्या, दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून रस्त्यानं पळवतात त्या मिजासखोर म्हशींच्या गोष्टी. अशी पाच वर्षांची कॅलेंडरं भरली. तीन प्रकाशकांनी परत पाठवली, चौथ्यानं परत पाठवायचेही कष्ट घेतले नाहीत. मागच्या वर्षी गावातल्या वाचनालयात लहान मुलांसाठी लिहिणाऱ्यांचं शिबिर होतं, तिथं त्या इरकली नेसून, पिशवीत घड्या घेऊन गेल्या. दारातल्या टेबलाशी जाकीट घातलेला एक माणूस होता. “नातवाला घेऊन आलाय काय आज्जी? पालकांनी बाहेर बसायचं.” “नातू न्हाई आलेला. मीच लिवतो,” तानाबाई म्हणाल्या. टेबलामागची सगळी मंडळी हसली. मायेनं हसली, हेच जास्त लागलं. चिडून हसली असती तर तिथल्या तिथं उत्तर देता आलं असतं. त्या दिवशी रंकाळ्याच्या काठानं चालत घरी येता येता त्यांनी ठरवून टाकलं होतं: पुस्तक निघालं की पहिली प्रत त्या जाकीटवाल्याच्या दारात जाऊन द्यायची, आणि म्हणायचं, वाचा, पण बाहेर बसून वाचा.

पण जाकीटवाला किरकोळ होता. पुस्तक त्याच्यासाठी नव्हतं. पुस्तक आक्कांसाठी होतं, आणि आक्कांसाठी म्हणजे आक्कांच्या नावानं, तोंडावर मारायला. गोष्टीतली थोरली म्हणजे कोण हे घरातल्या मांजरालाही कळलं असतं. आक्का या घरची थोरली सून, तानाबाई धाकली. गोष्टीत बिट्टी नावाच्या रेडकाला एक घंटा सापडते. हलवली की घंटा गोष्ट सांगते. सगळा गोठा बिट्टीभोवती गोळा व्हायला लागतो आणि थोरली म्हैस, जिच्या शिंगांना पाडव्याला सोनेरी रंग लागतो, जिच्या पाठीवर मोराची पिसं खोवतात, ती एके दिवशी पुढं येते आणि सगळ्यांदेखत ती घंटा गिळून टाकते. गोष्टी सगळ्या तिच्या पोटात. ना तिला ऐकू येत, ना दुसऱ्याला. मग ती तळ्यात उतरते, घंटा जड होते, थोरली बुडते. काठावर नाच. तो नाच लिहिताना तानाबाईंचा हात तीन दिवस थांबत नव्हता. एकेका रेडकाचं पाऊल त्यांनी लिहिलं होतं. आणि आता ती पोरगी म्हणत होती, तेवढं काढा.

घंटा म्हणजे काय, तेही सांगायला पाहिजे. तानाबाईंचं माहेर जयसिंगपूरच्या बाजूचं. लग्न ठरलं तेव्हा त्या सोळाच्या. रुखवतात पितळी घागरी, पापड, शेवयांची घरं, आणि या सगळ्याच्या एका टोकाला एक पुस्तक. त्यांच्या चौथीच्या गणपतराव गुरुजींनी आणून ठेवलेलं. गुरुजींपाशी भांडं द्यायला नव्हतं, पुस्तक होतं. इकडच्या बायका त्या पुस्तकाकडं बोट दाखवून हसल्या, ही काय रुखवताची वस्तू. पुस्तकाला तांबडा पुठ्ठा होता आणि पुठ्ठ्यावर विहिरीत दोर धरून उतरणारी एक पोरगी. तिचा आवाज विहिरीत पडलेला असतो आणि तो आणायला ती खाली निघालेली असते. सासरी आल्यावर दुपारी सगळे निजले की तानाबाई माळ्यावर चढायच्या आणि रोज एक पान वाचायच्या. एकच. दुसरं वाचायचं मनात यायचं तेव्हा पुस्तक मिटून त्यावर बसायच्या. सगळं वाचून टाकलं तर पुढच्या दुपारी या घरात आपलं असं काय राहणार, हा हिशेब. पोरगी उतरत उतरत अर्ध्या विहिरीत येते, तिथं भिंतीत एक दार असतं, ती कडी वाजवते, दार किलकिलं होतं, आणि पान संपतं. त्या दुपारी त्यांनी पुस्तक मिटलं. उद्या. उद्या आषाढातला पाऊस होता, लाकडं ओली होती, आणि पहाटे परड्यात आल्या तर आक्का बंबासमोर बसून एकेक पान फाडून आत सारत होत्या. तांबडा पुठ्ठा शेजारीच होता, त्याचाही नंबर यायचा होता. पानं कडेनं काळी होत आत आत वळत गेली. तानाबाईंच्या तोंडून एवढंच निघालं, “आक्का, ते माझं हुतं.” आक्कांनी मागं वळूनही बघितलं नाही. “कागदच की. वल्ल्या लाकडाला कागद लागतोय.” आणि वर म्हणाल्या, “तो पुठ्ठा दे हिकडं.” तो पुठ्ठा तानाबाईंनी स्वतःच्या हातानं उचलून दिला. हे त्या कुणाला कधी सांगू शकल्या नाहीत. सोळा वर्षांची सून, दुसरं काय करणार होती, असं त्या स्वतःला म्हणायच्या. पण हाताला ते पटायचं नाही. हाताला पुठ्ठ्याचा खरखरीतपणा अजून आठवायचा.

आता आक्का ऐंशीला आल्या होत्या. दोन वर्षांमागं न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून मधल्या खोलीतली खाट. लेक विजयसिंह पुण्याला. सणाला यायचा, आईच्या पायाशी बसून मोबाईल बघायचा आणि जायचा. आक्कांना ना वाचता येत, ना आता टीव्हीतलं नीट दिसत. पडल्या पडल्या दुपार त्यांना खायला उठायची. अशाच एका दुपारी त्याच म्हणाल्या होत्या, “धाकले, तू म्हनं गोष्टी लिवतीस. सांग की एखादी.” तानाबाईंनी पाटावरनं मान वर केली आणि त्यांच्या अंगातनं एक थंडगार सुख गेलं. हे असं ताटात वाढून येईल असं कधी वाटलं नव्हतं. त्या खाटेशेजारी जाऊन बसल्या, गोष्ट सुरू केली, रंगात आणली, अर्ध्यावर नेली आणि उठल्या. “मग? म्होरं?” “उद्या.” दुसऱ्या दिवशी नवी गोष्ट. तीही अर्धी. “अगं पन कालची?” “ती इसरलो.” दोन वर्षं हे चाललं होतं. एकही गोष्ट त्यांनी पुरी केली नव्हती. आक्का पहिल्यांदा चिडल्या, मग आर्जव केलं, मग विचारायच्या बंद झाल्या. पण दुपार झाली की त्यांची मान आपोआप दाराकडं वळायची, आणि ते वळणं बघायला तानाबाई कधी कधी उंबऱ्याअलीकडं मुद्दाम थांबायच्या. संयोगिता बालवाडीतल्या बायकांना कौतुकानं सांगायची, आमच्या सासूबाई थोरल्या सासूबाईंना रोज गोष्टी सांगतात.

आज दुपारी त्या मधल्या खोलीत गेल्या तेव्हा हातात कॅलेंडरची जाडजूड घडी होती. डोक्यात सकाळपासून एकच घोळ. बदलावं तर पुस्तक निघतं. सत्तर वर्षांची बाई, पुन्हा कोण फोन करणार? जाकीटवाला हसत राहणार, प्रकाशकांच्या घरी आपली कॅलेंडरं रद्दीत जाणार, म्हणजे परत बंबातच. पण बदलावं तर थोरली तरते, वरनं तिला माफीही मिळते. मग एवढी पाच वर्षं कशासाठी घासली? शेवटी त्यांनी असं ठरवलं: काढायचाच असेल तर काढू शेवट, पण ज्या कानासाठी लिहिलाय त्या कानावर तो एकदा पडलाच पाहिजे. तोंड बघायचं आक्काचं. मग पुण्याला काय सांगायचं ते सांगू.

“आज वाचून दावतो,” त्या म्हणाल्या. आक्का दचकल्या. “कागद घेऊन आलीस? पुरी हाय काय?” “पुरी हाय.” तानाबाईंनी चष्मा लावला. घाई केली नाही. घंटा सापडली, गोठा गोळा झाला. थोरली पुढं आली तेव्हा त्यांनी आवाज जरा चढवला आणि चष्म्यावरनं खाटेकडं बघितलं. आक्का आढ्याकडं बघत होत्या. थोरलीनं घंटा गिळली. आक्कांचा हात पांघरुणावरनं एकदा फिरला, पुन्हा निवांत झाला. थोरली तळ्यात उतरली, गुडघ्याएवढं पाणी, पोटाएवढं, शिंगांचा सोनेरी रंग पाण्यावर तरंगायला लागला, आणि बुडबुडे. मग नाच. नाच तानाबाईंनी सगळा वाचला, एक पाऊल गाळलं नाही. संपल्यावर चष्मा काढून त्यांनी आक्कांच्या तोंडाकडं बघितलं.

“झालं?” आक्का म्हणाल्या.

“झालं.”

“एवढंच?”

तानाबाईंना कळेना. “एवढंच म्हंजी?”

“दोन वर्सं घोळवायला लागलीयास, मला वाटलं, काय तर मोठं काढशील.” आक्कांनी मान वळवली. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग नव्हता. बाजारात म्हैस बघायला गेल्यावर दात बघताना असायची तशी नजर होती. “अगं बुडाली म्हंजी सुटली की ती. पान्याखाली गप. तिला मारून तुझं काय भागलं? जित्ती ठेव तिला. दावनीला बांध. उठता येऊ दे नको. आनी रोज दुपारी जाऊन तिला अर्धी गोष्ट सांग.” जरा थांबून म्हणाल्या, “मग बघ. रोज मरती.”

बाहेर कुणाची तरी दुधाची कॅन उंबऱ्याला आपटली. “तुम्हाला ठावं हुतं,” तानाबाई म्हणाल्या. आक्का म्हणाल्या, “पहिल्याच आठवड्यात कळलं. शाळंत गेलो न्हाई मी, खुळी न्हवं.” “मग कशापायी ऐकत बसलासा?” “अर्धी तर अर्धी.” आक्का हसल्या, दात नसलेलं ते हसणं एकदम बारक्या पोरीचं दिसलं आणि तानाबाईंना ते बघवलं नाही. “त्या टायमाला पन अर्धीच घावली हुती. ती हिरीतली पोरगी. दोराला धरून उतरती ती. भित्तीत दार हाय बघ.”

तानाबाईंच्या हातातली घडी खाली सरकली. आपली ती पोरगी दुसऱ्या कुणाच्या तोंडात कशी? “तू माळ्यावर मोठ्यानं वाचायचीस,” आक्का सांगत होत्या, “मी जिन्याखाली तांदूळ निवडत बसायचो. निवडून झालेलंच परत निवडायचो. एक दिस वर आलो. म्हटलं, धाकले, मलाबी जवळ बसून ऐकू दे की. काय म्हनालीस?” तानाबाईंना आठवत नव्हतं. मग आठवलं. आठवायला काही लागलंच नाही, ते तिथंच होतं, अंधारात बसलेल्या माणसासारखं. माळ्याच्या तोंडाशी आक्कांचं डोकं, केसांत तांदळाचा कोंडा, आणि या नव्या घरात सगळ्याच बाबतीत खाली असलेल्या पोरीला एकदम कळलेलं, की एका बाबतीत ही बाई आपल्या खाली आहे. “तुम्हाला काय कळायचं त्यातलं, आक्का?” असं ती म्हणाली होती. मायेनं हसून म्हणाली होती. ती दाराच्या पानाचीच दुपार होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बंब पेटला होता. चौपन्न वर्षं तिनं ही गोष्ट बंबापासूनच सुरू केली होती.

“म्हनून जाळलासा?” “व्हय. म्हनून जाळलं.” “आनी पुठ्ठा पन माझ्याच हातनं मागून घेतलासा.” “घेतला. माफी मागनार न्हाई मी.” “मागितलीया कुनी?” तानाबाई उठल्या. पायाला मुंग्या आल्या होत्या. आपल्याला आता काहीतरी विरघळल्यासारखं वाटायला हवं, असं त्यांना वाटलं. तसं काही वाटत नव्हतं. उलट कुणीतरी आपल्या वाटणीचा राग अर्धा मोजून काढून नेला असं वाटत होतं, आणि त्याचाच राग येत होता. एवढा जपलेला, एकटीचा म्हणून जपलेला, तोही या बाईबरोबर वाटून खायचा? परड्यात जाऊन त्यांनी निवलेल्या बंबाची राख ओढली. काही गरज नव्हती. ओढली. राख ओढता ओढता थोरली डोळ्यांसमोर दावणीला बांधलेली दिसायला लागली. शिंगांचा रंग उडालेला, मान दाराकडं वळलेली. बुडबुड्यांपेक्षा हे चांगलं होतं. फारच चांगलं होतं. आक्काला गोष्टीतलं कळत होतं, हे त्यांना मान्य करावं लागलं, आणि मान्य करताना राखेचा एक ठिपका डोळ्यात गेला.

चार वाजता त्यांनी स्वतःहून पुण्याला फोन लावला. “लिवून घे पोरी. थोरली मरत न्हाई.” “अय्या, खरंच आजी?” “मधी बोलू नको. थोरली जित्ती ऱ्हाती. म्हातारी हुती. उठता येत न्हाई. घंटा पोटातच ऱ्हाती. आनी बिट्टी रोज दुपारी तिच्याजवळ जाऊन बसती आनी तिला अर्धी गोष्ट सांगती. अर्धी झाली की उठती. म्हनती, उद्या. संपलं.” पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. “आजी,” ती म्हणाली, “किती गोड आहे हो हे. म्हणजे माफ करा असं कुठं म्हटलंसुद्धा नाही, तरी केलंच की तिनं माफ! एवढं वाईट वागलेल्या थोरलीला रोज जाऊन गोष्ट सांगते. मॅडम रडतील बघा.” तानाबाईंनी फोन कानापासून जरा लांब धरून त्याच्याकडं बघितलं. आत कुणी माणूस दिसतंय का, असं बघावं तसं. “रडू दे,” त्या म्हणाल्या. “सोमवारी छापनार न्हवं?” “सोमवारी नक्की!” “पुस्तकाची पहिली परत मला पाठव. आनी दुसरी पन मलाच. एकाच्या दारात न्यायची हाय.”

आता पुस्तक निघणार होतं. आळीत पेढे वाटले जाणार होते, कुठल्या तरी वर्गात कुठली तरी बाई ते मोठ्यानं वाचणार होती, मुलं थोरलीसाठी चुकचुकणार होती, आणि त्यातल्या एकालाही कळणार नव्हतं, की ही गोष्ट किती दुष्ट आहे. साऱ्या मुलखात ते दोनच बायकांना ठाऊक राहणार होतं. हे सुख होतं की काय होतं, तानाबाईंना ठरवता येईना. पण चहा त्यांनी साखर जास्त घालून प्यायला.

ऊन परड्याच्या भिंतीवरनं उतरलं तेव्हा मधल्या खोलीतनं हाक आली. “धाकले.” त्या उंबऱ्यापाशी जाऊन थांबल्या. आक्कांची मान दाराकडं वळलेलीच होती. “एक इचारू? त्या दाराच्या आत काय हुतं गं? तू तर वाचलंच अशील की सगळं. आगुदरच. मला दरसाली वाटायचं, आज सांगंल, उद्या सांगंल. चौपन्न वर्सं झाली, तू काय तोंड उघडलं न्हाईस.”

तानाबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. म्हणजे या खाटेवरच्या बाईला अजून असंच वाटत होतं, की धाकलीपाशी अख्खी गोष्ट आहे आणि ती मुठीत धरून बसली आहे. मूठ उघडायची होती. एवढंच म्हणायचं होतं, आक्का, मीबी तिथंच थांबलोय, दाराबाहेर, तुमच्याच शेजारी. ते शब्द ओठांपर्यंत आलेही. तेवढ्यात सुकलेल्या तोंडानं, सवयीच्या हुकमी आवाजात आक्का म्हणाल्या, “सांग लवकर. दे हिकडं.”

“वाचलंय तर,” तानाबाई म्हणाल्या. “सगळं वाचलंय.”

“मग?”

“उद्या.”

आणि त्या सोप्यात आल्या, स्टुलावर चढल्या, आणि महिना संपायला अजून अकरा दिवस होते तरी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडून, पाठकोरी बाजू वर करून, पाटावर पसरलं.